श्रीखंड घेतलंत, म्हणून विम्टो

२०२३ साली गुढीपाडवा २२ मार्चला आला आणि २३ तारखेपासून अमिरातीत रमजान लागला. पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी अबुधाबीतल्या मराठी घरांत श्रीखंडाचे डबे जात होते आणि त्याच संध्याकाळी बाकीचं शहर विम्टोच्या बाटल्या भरत होतं. विम्टो म्हणजे जांभळं, भयंकर गोड सरबत. जन्म मँचेस्टरचा, १९०८ सालचा. पण आखातात रोजा सोडताना ते समोर नसेल तर इफ्तारला बसल्यासारखं वाटत नाही. एका इंग्रजी सरबताला हा मान कसा मिळाला, असं मनात यायचं. मग आपल्या उपासाचे बटाटा आणि साबुदाणा मुळात कुठून आले ते आठवायचं आणि मी गप्प बसायचो.

मी तेव्हा इथल्या एका घरपोच किराण्याच्या ॲपमध्ये नोकरीला होतो. आता नाही, त्यामुळे थोडं मोकळेपणाने लिहिता येतं. तुम्ही तांदूळ, डाळ, तेल टोपलीत टाकता आणि खाली चार-सहा वस्तू आपोआप येतात, 'हेही बघा' म्हणून, ते सुचवण्याचं काम आमच्या गटाकडे होतं. ऑफिसात त्याला सगळे 'रेको' म्हणायचे. माझ्या वाट्याला त्यातला सगळ्यात लहान तुकडा आला होता: सुचवलेल्या वस्तूखालची करड्या अक्षरांतली एक ओळ. 'तुम्ही अमुक घेतलंत, म्हणून.' लहान तुकडा असल्यामुळे आधी मी नाराज होतो.

पाडव्याच्या सकाळी रीम बेटावर राहणाऱ्या एका ओळखीच्या बाईंनी फोटो पाठवला. विम्टोची बाटली, आणि खाली इंग्रजीत माझी ओळ: तुम्ही श्रीखंड घेतलंत, म्हणून. त्यावर त्यांनी मराठीत विचारलं होतं, "हे कुठल्या पाकशास्त्रात बसतं?"

चूक सापडायला अर्धा तास पुरला. समजा, शंभर पिशव्यांपैकी साठांत विम्टो आहे. मग श्रीखंडाच्या दहा पिशव्या उघडल्या तर सहांत विम्टो निघणारच. मिठाच्या दहा उघडा, सहा. झाडूच्या दहा उघडा, सहा. विम्टोचं श्रीखंडाशी, मिठाशी किंवा झाडूशी काही नातं नाही, ते सगळीकडेच आहे. म्हणून दोन वस्तू किती वेळा एकत्र आल्या एवढं मोजून भागत नाही. एरवीही त्या किती वेळा एकत्र आल्या असत्या, त्याने भागावं लागतं. हे काही नवं ज्ञान नव्हे. वस्तूवरून वस्तू सुचवण्याची रीत ॲमेझॉनच्या ग्रेग लिंडन, ब्रेंट स्मिथ आणि जेरेमी यॉर्क यांनी २००३ साली निबंध लिहून जगाला सांगितली, तेव्हापासून या धंद्यातला प्रत्येक जण ही खबरदारी घेतो. आमच्या मुख्य यंत्रातही तो भागाकार होता. माझ्या ओळीच्या हिशेबात राहिला होता.

भागाकार घातला, चहा प्यायलो, आणि मग शेजारच्या टेबलावरच्या सुदानी सहकाऱ्याने विचारलं, "पण विम्टो दाखवलं कशामुळे होतं?"

रमजान आलाय आणि सगळे घेतायत म्हणून. हे खरं कारण. श्रीखंडाचा त्यात काडीचाही संबंध नव्हता. मग ओळीत श्रीखंड कुठून आलं? तर यादी करणारं यंत्र वेगळं आणि कारण लिहिणारा प्रोग्राम वेगळा. यादी करणारं यंत्र प्रत्येक ग्राहकाची आणि प्रत्येक वस्तूची शे-दोनशे आकड्यांची ओळ ठेवतं, त्या ओळींचा एकमेकींशी गुणाकार करतं, सणवार, वेळ, भाव, साठा मिसळतं आणि वस्तू निवडतं. त्या आकड्यांना नावं नसतात. अडतिसावा आकडा म्हणजे 'गोडाची आवड' असं कुणी ठरवलेलं नसतं. त्यामुळे यंत्राला 'का' विचारलं तर ते दोनशे आकडे पुढे करील. म्हणून वस्तू निवडून झाल्यावर माझा प्रोग्राम यायचा, ग्राहकाच्या जुन्या खरेदीत त्या वस्तूशी सगळ्यात जवळचं काय दिसतं ते शोधायचा आणि तेच कारण म्हणून चिकटवायचा. निर्णय आधी, पंचनामा मागाहून.

सहकाऱ्याला हे मी समजावलं, तर तो म्हणाला, "म्हणजे आपण खोटं बोलतो?" मी म्हणालो, खोटं नाही, साधारण खरं. त्यावर तो हसला नाही.

त्या रात्री मला आत्या आठवली. माझी आत्या सांगलीत विश्रामबागला राहायची आणि राहत्या घरातूनच वधूवर सूचक मंडळ चालवायची. मुलींची लाल वही, मुलांची निळी. सुट्टीत मी तिच्याकडे असलो की स्थळांची कात्रणं चिकटवायचं काम माझ्याकडे. समोर आलेल्या मंडळींना ती छान पटवून सांगायची: मुलगा निर्व्यसनी आहे, नोकरी कायम आहे, पत्रिका बघितली, चोवीस गुण जुळतात. मंडळी गेली की मटार सोलता सोलता मला म्हणायची, "दोन्ही घरं सारखीच चिक्कू आहेत रे. मानपानावरून भांडायची नाहीत." तिच्या मनातली निवड तिथे झालेली असायची. गुण, नोकरी, निर्व्यसनीपणा हे सांगायला. त्यातलं एकही खोटं नसायचं, आणि त्यातलं एकही कारण नसायचं.

पत्रिकेचं तर मला आजही अप्रूप वाटतं. अष्टकूट म्हणजे आठ बाबी: वर्णाचा एक गुण, वश्याचे दोन, तारेचे तीन, असं चढत चढत भकूटाचे सात आणि नाडीचे आठ. बेरीज छत्तीस. अठरा मिळाले की पास. आमच्या ऑफिसात कुणी असं यंत्र बनवून आणलं असतं तर त्याच्या पाठीवर थाप पडली असती. कुठल्या बाबीला किती वजन ते उघड, बेरीज कुणीही ताडून बघावी, कमी कुठे पडलं तेही दिसतं. एवढं पारदर्शक असूनही ते लग्न टिकेल की नाही याबद्दल काहीच सिद्ध करत नाही. हिशेब दाखवला म्हणून हिशेब बरोबर ठरत नाही. हे मला संगणकशास्त्राने शिकवण्याआधी आत्याने शिकवलं होतं, कारण चोवीस गुणांची मोडलेली लग्नंही तिच्या वहीत होती, लाल फुलीसकट.

पण आत्याच्या आणि माझ्या धंद्यात एक फरक होता. तिने 'घरची शेती आहे' म्हटलं की समोरचे विचारायचे, "कोरडवाहू की बागायत?" तिला उत्तर द्यावं लागायचं. फार ताणलं तर ती चिडायची, पण द्यायची. कधी कधी त्या उलटतपासणीत तिचं खरं कारणही बाहेर पडायचं. माझी ओळ बोलून मोकळी व्हायची. तिला उलट काही विचारायची सोयच नव्हती.

यानंतरचे काही महिने मी या एका ओळीच्या मागे लागलो. आधी भाषेने दमवलं. ॲप इंग्रजी आणि अरबी, दोन्हींत. इंग्रजी वाक्यात वस्तूचं नाव घातलं की झालं. अरबीत क्रियापदाला समोरचा माणूस पुरुष की बाई हे कळावं लागतं, आणि आम्ही ग्राहकाला ते विचारत नव्हतो. 'तू घेतोस' म्हणजे 'तश्तरी', 'तू घेतेस' म्हणजे 'तश्तरीन'. (पहिला शब्द ऐकल्यापासून मला बशीच दिसत राहिली.) वाट सुदानी सहकाऱ्यानेच काढली: भूतकाळात जा. 'तू घेतलंस' हे अरबीत पुरुषाला आणि बाईला वेगळं उच्चारतात, पण लिहिताना स्वरचिन्हं गाळतात, त्यामुळे कागदावर दोन्ही सारखीच दिसतात. ज्याने त्याने आपापल्या परीने वाचावं. अरबी ओळ तेव्हापासून भूतकाळात गेली.

मग हौस म्हणून मी एका शुक्रवारी मराठी ओळ लिहून बघितली. जानेवारी २०२२ पासून इथे शुक्रवार अर्धा दिवस झालाय, दुपारी ऑफिस रिकामं असतं. मराठीचं दुखणं उलटं निघालं. घेणारा बाप्या असो की बाई, आपल्याला फिकीर नाही. पण वस्तूचं लिंग चुकवून चालत नाही. तुम्ही साखर घेतलीत. गूळ घेतलात. तूप घेतलंत. पोहे घेतलेत. म्हणजे दुकानातल्या प्रत्येक मालाची आधी लिंगनिश्चिती करा. 'केचप' घेतला, घेतली की घेतलं, यावर मी घरच्या ग्रुपवर मत मागितलं आणि तीन पिढ्यांत भांडण लागलं. मराठी ओळ तिथेच राहिली. माणसाबद्दल गप्प राहून वस्तूबद्दल बोलणारी आपली भाषा या कामाला खरं तर फार सोयीची होती, असं मला अजून वाटतं.

कारण माणसाबद्दल बोलायला गेलो आणि आमचे हात पोळले. वरून आदेश आला की 'तुम्ही अमुक घेतलंत' हे कोरडं वाटतं, त्याऐवजी 'तुमच्यासारखे ग्राहक हे घेतात' असं लिहा. तांत्रिकदृष्ट्या ही सगळ्यात जुनी रीत. १९९४ मध्ये मिनेसोटा आणि एमआयटीच्या मंडळींनी ग्रुपलेन्स काढलं, ते यावरच चालायचं: तुमच्याशी ज्यांची मतं आजवर जुळली, त्यांना जे आवडलं ते तुम्हाला दाखवायचं. पण ते वाक्य मिनियापोलिसमध्ये वाचणं वेगळं आणि अबुधाबीत वाचणं वेगळं. या देशात दहातले जवळपास नऊ जण बाहेरून आलेले. लिफ्टमध्ये पहिला प्रश्न 'कुठून?' हाच. राष्ट्रीयत्व आम्ही यंत्राला कधी दिलं नव्हतं, हे आम्ही छातीठोकपणे सांगायचो. देण्याची गरजच नव्हती. कोकम आणि गोडा मसाला एका पिशवीत आले की ते घर कुठलं हे यंत्राला कळतं. मट्टा तांदूळ आणि पुट्टूचं पीठ आलं की तेही कळतं.

एका फिलिपिनो नर्सने लिहिलं. तिला सतत सगळ्यात स्वस्त, सगळ्यात लहान पाकिटं दिसत होती, खाली 'तुमच्यासारखे ग्राहक'. तिने चारच शब्द विचारले होते: माझ्यासारखे म्हणजे नक्की कोण? उत्तर आमच्याकडे होतं आणि ते लिहून पाठवण्यासारखं नव्हतं. तिच्यासारखी खरेदी करणाऱ्या पुष्कळ जणी घरी पैसे पाठवून उरलेल्यात भागवत असाव्यात, म्हणून लहान पाकिटं. ती तशी नव्हती, किंवा असली तरी ते एखाद्या ॲपने तिला ऐकवावं अशी तिची इच्छा नव्हती. ओळ त्याच दिवशी काढली. सुचवण्या मात्र त्याच राहिल्या, फक्त आता विनाकारण. हे लिहिताना आजही बरं वाटत नाही.

दरम्यान मला या ओळीचा 'उपयोग' सिद्ध करायला सांगितलं होतं, म्हणून मी जुने निबंध काढून वाचत बसलो. मिनेसोटाच्याच हर्लॉकर, कॉन्स्टन आणि रीडल यांनी २००० साली चित्रपट सुचवताना एकवीस तऱ्हांची स्पष्टीकरणं लोकांना दाखवून पाहिली. सगळ्यात पटली ती साध्या उभ्या पट्ट्यांची: तुमच्यासारख्या इतक्यांना आवडला, इतक्यांना नाही. आणि काही स्पष्टीकरणं अशी निघाली की त्यापेक्षा काहीच न सांगितलेलं बरं. २००५ मध्ये टेक्सासच्या बिलगिच आणि मूनी यांनी पुस्तकांवर पुढचा प्रश्न विचारला: कारण वाचून पुस्तकाला जे गुण दिलेत, तेच पुस्तक प्रत्यक्ष पाहून दिलेत का? 'तुमच्यासारख्यांना आवडलं' या तऱ्हेने लोक आधी भरमसाठ गुण देत आणि मग खाली येत. म्हणजे ती ओळ वस्तू विकायला चांगली, वस्तू ओळखायला वाईट. त्याहून जुना एलन लँगर यांचा १९७८ चा प्रयोग तर सगळ्यांनाच माहीत असतो: झेरॉक्सच्या रांगेत 'मला प्रती काढायच्यात, म्हणून आधी जाऊ द्या' असं म्हटलं तरी लोक वाट देतात. प्रती काढायच्या नसतील तर तिथे कोण येईल? पण 'म्हणून' ऐकलं की माणूस बाजूला सरकतो. मात्र प्रती जास्त असल्या की नुसत्या 'म्हणून'ला कुणी भुलत नाही, हा त्याच प्रयोगाचा दुसरा भाग लोक सांगायचा विसरतात.

आमच्या चाचणीतही तेच झालं. काही ग्राहकांना खरं कारण, काहींना नुसतं 'खास तुमच्यासाठी', काहींना काहीच नाही. 'खास तुमच्यासाठी'वर बोटं भरपूर पडली. पण तीच वस्तू त्या घरात पुन्हा मागवली गेली का, हे बघायला मी दोन महिने मागितले, मिळाले नाहीत. बैठकीत पडद्यावर फक्त पहिला आकडा गेला. स्कॉटलंडच्या ॲबर्डीनमधल्या टिंटारेव्ह आणि मास्टहॉफ या दोघींनी २००७ मध्ये अशा स्पष्टीकरणाचे सात हेतू मांडलेत. पारदर्शकता, विश्वास, समाधान, पटवणं वगैरे. त्यात एक असा की ग्राहकाला यंत्राला 'तुझं चुकलं' म्हणता यावं. मी तो हेतू वहीत दोनदा अधोरेखित केला होता. बैठकीत सातातला एकच हेतू आला होता.

मग मुसफ्फाहून, अबुधाबीच्या औद्योगिक वस्तीतून, फोन आला.

कॉल सेंटरच्या मुलीने तो माझ्याकडे दिला, कारण समोरचा माणूस हिंदी बोलता बोलता मराठीत घसरत होता. चिपळूणकडचा, एका वर्कशॉपमध्ये ड्रायव्हर, पाच जणांच्या बेडस्पेसमध्ये राहणारा. बेडस्पेस म्हणजे खोली भाड्याने नाही, खोलीतली खाट भाड्याने. पाच जणांत एक फोन किराण्यासाठी, एकच खातं. आटा एकाचा, मासे दुसऱ्याचे, महिनाअखेर हिशेब. त्याने मध्यंतरी साखरेऐवजी घ्यायच्या गोळ्या मागवल्या होत्या, डिलिव्हरीवाल्याकडून खाली नातूरच्या, म्हणजे वॉचमनच्या, खुर्चीपाशीच घेतल्या होत्या, बिल फाडून टाकलं होतं. आणि आठवड्याने खोलीत सगळे रात्रीची ऑर्डर लावत असताना स्क्रीनवर मधुमेहींची बिस्किटं आली. खाली माझी ओळ. गोळ्यांच्या नावासकट.

मी आमच्या यंत्राची बाजू मांडायला गेलो, की या खेपेला तरी कारण अगदी खरं होतं. ते वाक्य मी अर्ध्यात सोडलं. तो ओरडत नव्हता. म्हणाला, "साहेब, मी काय चोरी नाही केली. पण सांगायचं का नाही, आणि कोणाला, ते माझं मी बघितलं असतं ना." शुगरची गोष्ट मालकाच्या कानावर गेली तर गाडी काढून घेतील, ही त्याची भीती. खोलीतल्या कुणी ती नेली की नाही ते मला कळलं नाही. त्याने पुन्हा फोन केला नाही.

आम्ही 'तुम्ही' लिहीत होतो, आणि त्या खोलीत 'तुम्ही' पाच जण होते. हे आमच्या कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं, कारण आमच्या घरी ज्याचा त्याचा फोन. औषधं, गोळ्या, बाळंतपणाच्या वस्तू यांचा कारणात उल्लेख बंद करणं दोन दिवसांचं काम होतं आणि ते झालं. अमिरातीचा वैयक्तिक माहितीचा कायदा २०२१ चाच आहे, त्यामुळे वकिलांनीही लगेच मान डोलावली. मला स्वतःला मात्र विम्टोपासून साठलेलं सगळं तिथे एकदम लागलं. खोट्या कारणाने हसू आलं होतं. खऱ्या कारणाने एका माणसाची झोप उडवली.

मी वस्तूखालची ओळ काढून टाकायचा प्रस्ताव दिला. तिच्या जागी बारीक 'हे का?' एवढंच. दाबलं तरच पान उघडेल, आणि त्या पानावर वाक्य नाही, यादी: ही वस्तू दाखवताना तुमची कुठली खरेदी धरली. रमजान किंवा दिवाळीमुळे असेल तर तसं. भाव उतरलाय म्हणून असेल तर तसं. कुणी जाहिरातीचे पैसे दिलेत म्हणून असेल तर तेही. प्रत्येक नोंदीपुढे एक फुली. फुली मारली की ती खरेदी यंत्राने विसरायची, आणि सुचवण्या तुमच्या डोळ्यांदेखत बदलायच्या. यादी खरी असावी म्हणून आम्ही कारण शोधायची रीतच फिरवली: जवळची वस्तू हुडकायची नाही; एकेक जुनी खरेदी बाजूला काढून यंत्र पुन्हा चालवायचं, आणि जी काढल्यावर सुचवणी खरोखर खाली घसरते तीच दाखवायची. याला संगणकाची ताकद जास्त लागते. म्हणून ते फक्त दाबल्यावर.

युरोपात २०२२ च्या डिजिटल सेवा कायद्याने अशा ॲपांना आपल्या सुचवण्या मुख्यतः कशावर ठरतात ते सोप्या भाषेत लिहायला लावलंय. त्याचा दाखला दिल्यावर वरच्यांचा विरोध जरा मावळला. जाहिरातीची नोंद मात्र छाटली गेली. उरलेलं पान लागलं.

ते फार लोक दाबत नाहीत. जे दाबतात ते बहुतेक फुली मारायलाच येतात, असं मी नोकरी सोडेपर्यंत दिसत होतं. पाहुण्यांसाठी आणलेलं. चुकून दोनदा गेलेलं. सोडून दिलेल्या सिगारेटी. लोक काय पुसतात यावरूनही यंत्राला शिकवता येईल, असं एकाने बैठकीत सुचवलं, तेव्हा मी तोंड उघडलं ते जरा जास्तच मोठ्याने.

चाचणीसाठी पहिलं पान मी माझ्या स्वतःच्या खात्याचं उघडलं होतं. मुलगी दहावीला आली तेव्हा बायको आणि ती पुण्याला परतल्या. तेव्हापासून मी इथल्या भाषेत 'फोर्स्ड बॅचलर'. हमदान स्ट्रीटमागच्या त्याच फ्लॅटमध्ये, तेच खातं. यंत्र मला दर आठवड्याला चॉकलेटचं सीरियल दाखवत होतं. 'हे का?' दाबलं, तर खाली तिच्या शाळेच्या तीन वर्षांच्या नोंदी, एकाखाली एक. फुली चालते का ते बघायला मी पावाच्या नोंदीवर मारली. चालत होती.

सीरियलच्या नोंदी अजून तशाच आहेत. मे महिन्यात मुलगी सुट्टीला येते, तीन आठवड्यांत दोन डबे संपवते, आणि यंत्राला वाटतं, आपलं बरोबरच होतं.